कोयता कोठे मारावा? उसाच्या डीएनएची तोडणी



जून महिना उजाडला की आपल्या बेटावर कूप सुरू होते आणि कार्तिक उलटला तरी गिरणीकडे जाणाऱ्या गाड्या संपत नाहीत. आपल्यापैकी ज्यांच्या घरात आजही एखादा तुकडा उसाखाली आहे त्यांना, आणि ज्यांनी तो केव्हाच सोडून दिला त्यांनाही, घरातल्या वडीलधाऱ्यांचे एक वाक्य आठवत असेल. कोयता जमिनीलगत मारावा. वर मारला तर दोन नुकसाने होतात. साखरेचा भर असतो बुडख्याकडे, तो मातीतच राहतो. आणि उरलेल्या थोटक्यामुळे खोडवा नीट फुटत नाही. कोकणातून आलेल्या आपल्या पणजोबा-खापरपणजोबांना ही गोष्ट कोणी पुस्तकातून शिकवली नव्हती. हाताला ती कळत होती.

गेल्या वर्षी आमची भाची परदेशातील एका प्रयोगशाळेतून सुटीवर आली होती. ती उसाच्या डीएनएवर काम करते. काम काय, असे आम्ही विचारले तेव्हा हसून म्हणाली, "मामा, पूर्वी आपल्या घरात जे करत होते तेच. ऊस तोडते. फक्त माझा कोयता डोळ्याला दिसत नाही." आम्हाला वाटले पोरगी थट्टा करते आहे. पण पुढे दोन-तीन संध्याकाळी ती जे सांगत गेली ते ऐकून आम्ही पुस्तके धुंडाळली, आणि मग ठरवले की हा विषय आपल्या पानावर आणायचाच. उसामुळे आपण या बेटावर आलो. त्या उसाच्या पोटात काय लिहिले आहे ते वाचायला माणसाला २०२४ साल उजाडावे लागले, आणि त्याला कारण होते ते हे तोडणीचेच कोडे.

प्रथम डीएनए म्हणजे किती लांब वस्तू ते पाहू. प्रत्येक पेशीत हा धागा असतो. त्यावर ए, टी, जी आणि सी अशा चारच अक्षरांत प्राण्याचा किंवा वनस्पतीचा सगळा आराखडा लिहिलेला असतो. आपण लावतो त्या उसाच्या एका पेशीत अशी सुमारे १,००० कोटी अक्षरे आहेत. माणसाच्या आराखड्याची एक प्रत सुमारे ३०० कोटी अक्षरांची, यावरून अंदाज करावा. उसाच्या एका पेशीतील सर्व धागे टोकाला टोक जोडून ठेवले तर साडेतीन मीटरांच्या आसपास लांबी भरेल, आणि जाडी मात्र मिलिमीटरचा पाच लाखावा भाग. हाच धागा शिवणाच्या दोऱ्याइतका जाड केला तर त्याची लांबी ३४० किलोमीटर होईल. आपले बेट उत्तर-दक्षिण ६५ किलोमीटर. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच वेळा जाऊनही दोरा शिल्लक राहील.

आता हा धागा वाचायचा कसा? वाचणारी यंत्रे आहेत, पण त्यांचा घास लहान. फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ साली जी पद्धत दिली तिच्यात एका दमात पाचशे ते हजार अक्षरे वाचता येतात. नंतरची बरीच यंत्रे तर दीडशे ते तीनशे अक्षरांवरच थांबतात, फक्त असे कोट्यवधी तुकडे ती एकदम वाचतात. तेव्हा धागा तोडल्यावाचून गत्यंतर नाही. पण तोडायचा तो हव्या त्या लांबीचा तुकडा मिळेल असा. फार मोठा राहिला तर यंत्राच्या तोंडात मावत नाही, फार बारीक झाला तर वाचून उपयोग नाही.

यातली खरी गंमत अशी की हा धागा तोडणे मुळीच कठीण नाही. तो तुटू न देणे कठीण आहे. १९५९ साली पीटर डेव्हिसन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की विषाणूंचा डीएनए नुसता काचेच्या बारीक नळीतून ओढला तरी तुटतो. नळीच्या मध्यभागी पाणी वेगाने धावते, कडेला रेंगाळते. त्या ओढाताणीत लांब धागा ताणला जातो आणि साधारणपणे मध्यावर तुटतो. त्याचे दोन तुकडे आणखी ओढले तर पुन्हा मध्यावर तुटतात. मात्र तुकडा जितका आखूड, तितका त्यावरचा ताण कमी. एका मर्यादेनंतर त्याच वेगाने कितीही ओढा, तो तुटत नाही. इथेच माणसाच्या हाती लगाम आला. सुईचे भोक आणि पाण्याचा वेग ठरवला की तुकड्याची लांबीही ठरते.

दुसरा कोयता सापडला तो जीवाणूंच्या घरात. जीवाणूंवर विषाणू हल्ला करतात आणि आपला डीएनए त्यांच्यात घुसवतात. स्वित्झर्लंडचे वेर्नर आर्बर १९६० नंतरच्या वर्षांत शोधत होते की काही जीवाणू या हल्ल्यातून वाचतात कसे. उत्तर असे निघाले की त्यांच्याजवळ परका डीएनए कापणारे विकर असते, आणि स्वतःच्या डीएनएवर त्यांनी खुणेचे बारीक टिकले लावून ठेवलेले असतात, म्हणजे आपल्याच घरावर कोयता चालू नये.

असे ठरलेल्या जागी कापणारे विकर प्रथम हाती लागले ते अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, हॅमिल्टन स्मिथ यांच्या. त्यांची परीक्षा आपल्या मायबहिणींना लगेच समजेल. गुळाचा पाक झाला की नाही ते आपण तार पाहून ठरवतो. लांब डीएनएचे पाणीही असेच दाट, तारेचे असते. तुकडे झाले की पातळ होते. स्मिथ आणि त्यांचे सहकारी केंट विलकॉक्स यांनी हिमोफिलस इन्फ्लुएंझा नावाच्या जीवाणूचा अर्क दोन भांड्यांत घातला. एकात त्या जीवाणूचा स्वतःचा डीएनए, दुसऱ्यात एका विषाणूचा. पहिल्याचा दाटपणा जसाच्या तसा राहिला, दुसऱ्याचे पाणी पातळ होत गेले. १९७० साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्यांचे सहकारी डॅनिएल नेथन्स तेव्हा इस्रायलमध्ये होते. स्मिथ यांच्या पत्रातून त्यांना ही बातमी आधीच कळली होती, आणि परतल्यावर, १९७१ साली, त्यांनी माकडाच्या एका विषाणूचा डीएनए या विकराने कापून त्याचे अकरा तुकडे ओळीने मांडून दाखवले. आर्बर, स्मिथ आणि नेथन्स या तिघांना १९७८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या विकरांची खासियत म्हणजे जागेचा हट्ट. हिंड-थ्री नावाचे विकर एएजीसीटीटी ही सहा अक्षरे दिसली तरच कापते, नाही तर हात लावत नाही. चार अक्षरांतून सहा जागा भरायच्या, म्हणून ही जोडणी सरासरीने दर ४,०९६ अक्षरांमागे एकदा येते. चारच अक्षरांची खूण मागणारे विकर दर २५६ अक्षरांमागे कापते. म्हणजे कोणता कोयता उचलावा यावर तुकड्याचा आकार ठरतो.

आता वाचकांच्या मनात येईल की इतका अचूक कोयता असताना सुई आणि धक्के कशाला? आम्हीही भाचीला हेच विचारले. तिचे उत्तर समजावून देण्यासाठी आम्ही आमच्याच घरातली एक गोष्ट सांगतो.

१९६० साली फेब्रुवारीच्या अखेरीस कॅरोल वादळ आले. त्याची आठवण ज्या घरात नाही असे घर आपल्या समाजात विरळा. आमच्या वाडीत भजनाची एक वही होती. तिच्या तीन प्रती तीन घरांत, हाताने उतरून घेतलेल्या. छपरे उडाली, तीनही वह्या भिजल्या आणि हाती आले ते फाटके तुकडे. वडील मंडळी महिनाभर रोज रात्री कंदिलाभोवती बसून ते जुळवत होती, असे आमचे आजोबा सांगत. जुळले कसे? तीन वह्या तीन निरनिराळ्या जागी फाटल्या होत्या म्हणून. एका वहीचा तुकडा जिथे संपे, तिथली ओळ दुसरीच्या तुकड्याच्या मध्यावर सापडे. समजा तिन्ही वह्या कात्रीने बरोबर प्रत्येक कडव्याखाली कापल्या असत्या, तर कडवी सगळी मिळाली असती, पण कोणत्या कडव्यामागून कोणते, ते कळायला काही मार्ग उरला नसता.

हट्टी विकराने पुरते कापले की हीच अडचण होते. प्रत्येक प्रत त्याच जागी तुटते, तुकड्यांची टोके एकमेकांवर चढत नाहीत आणि क्रम हरवतो. म्हणून संपूर्ण आराखडा वाचायचा तर वादळासारखे, वाटेल तिथे तोडावे लागते. फक्त वादळाला लगाम हवा.

हा लगाम ध्वनीने घालता येतो. कानाला ऐकू न येणाऱ्या, सेकंदाला वीस हजार किंवा त्याहून अधिक कंपनांच्या लहरी पाण्यात सोडल्या की बारीक बुडबुडे उठतात आणि फुटतात. त्या धक्क्यांनी डीएनए वाटेल तिथे तुटतो. पण पाणी तापते आणि तापलेला डीएनए खराब होतो. म्हणून नळी बर्फात ठेवायची, काही क्षण लहरी, काही क्षण विसावा, असे करायचे. किती वेळ, किती जोर, याचे कोष्टक प्रत्येक प्रयोगशाळेला आपापल्या यंत्रावर बसवावे लागते. दुसऱ्याचे कोष्टक उसने घेऊन चालत नाही, हे भाचीचे ठाम मत. आणखी एक यंत्र तर आपल्या ओळखीचे आहे. दम्याच्या रोग्याला औषधाची वाफ देतात ते नेब्युलायझर. त्यातून डीएनएचे पाणी वायूच्या दाबाने बारीक तुषार करून उडवले की धागे तुटतात, आणि दाब वाढवला की तुकडे लहान होतात. रुग्णालयातली वस्तू शास्त्रज्ञांनी अशी उचलून नेली याचे आम्हाला मोठे कौतुक वाटले.

नशिबाचा खेळ पहा. १९९५ साली ज्या जीवाणूचा संपूर्ण आराखडा सर्वांत आधी वाचून झाला तो हाच हिमोफिलस इन्फ्लुएंझा. अक्षरे सुमारे १८ लाख ३० हजार. आणि त्याच्या डीएनएचे तुकडे तयार करण्याचे काम पाहणारे होते तेच हॅमिल्टन स्मिथ. या वेळी त्यांनी त्या जीवाणूकडून मिळालेला कोयता बाजूला ठेवला आणि ध्वनिलहरी वापरल्या. वाटेल तिथे तुटलेल्या धाग्यांतून दोन हजार अक्षरांच्या आतबाहेरचे तुकडे तेवढे निवडून घेतले.

तुकडे हव्या त्या मापाचे झाले की नाही हे पाहायला समुद्रशेवाळापासून काढलेला अगारोज वापरतात. त्याची वडीसारखी पातळ लादी करतात, एका कडेला तुकडे ठेवतात आणि वीज सोडतात. डीएनए धन टोकाकडे धावतो. लहान तुकडे जाळीतून झपाट्याने निघतात, मोठे रेंगाळतात. शेजारी ज्ञात मापांचे तुकडे पळवलेले असतात, त्याला प्रयोगशाळेत शिडी म्हणतात. रंग देऊन अतिनील प्रकाशाखाली धरले की पट्टे चमकतात आणि शिडीशी ताडून लांबी कळते.

आता उसाकडे वळू. जीवाणूला जी रीत पुरली ती उसाला का पुरली नाही? आमच्या वहीतच उत्तर आहे. भजनाचे ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर येते. ज्या तुकड्यावर नुसते ध्रुवपदच आहे तो कोठे लावणार? तो कोठेही बसतो. लांब तुकडा हवा, ज्याच्या एका टोकाला मागचे कडवे आणि दुसऱ्या टोकाला पुढचे कडवे असेल. उसाच्या डीएनएत अशी ध्रुवपदे अगणित आहेत. दुसरी पंचाईत याहून मोठी. तीन घरांच्या वह्यांत इथेतिथे एखादा शब्द वेगळा होता. कोणी 'माझा' लिहिले, कोणी 'माझ्या'. उसाच्या पेशीत अशा तीन नव्हे, तर बहुतेक ठिकाणी आठ ते बारा प्रती एकत्र नांदतात, जवळजवळ सारख्या, तरी अगदी एक नव्हेत.

हे असे झाले ते माणसाच्याच हाताने. जाड, गोड, मऊ ऊस हा मूळचा न्यू गिनीकडचा. तो रोगाला लवकर बळी पडे. म्हणून जावा बेटावरील डच संशोधकांनी आणि भारतात कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्राने त्याचा कास नावाच्या रानगवताशी संकर केला. कोइमतूरचे केंद्र १९१२ साली डॉ. बार्बर यांच्या देखरेखीखाली सुरू झाले आणि १९१८ साली तिथला को २०५ हा संकरित ऊस शेतात उतरला. गोडवा एकाचा, काटकपणा दुसऱ्याचा. जगभर आज लावले जाणारे ऊस बहुतेक याच घराण्याचे. त्यांच्या अंगी गुणसूत्रे शंभराहून अधिक, आणि आईकडची कोणती, बापाकडची कोणती, याचा सगळा गुंता.

आपल्या शेजारच्या रेयुनियों बेटावर तयार झालेला आर ५७० हा ऊस आपल्याकडच्या शेतकऱ्यांना नवा नाही. आपल्या मळ्यांतही तो उभा राहिला आहे. जगातल्या शास्त्रज्ञांनी वाचायला निवडला तो हाच. त्याची पहिली मोठी तोडणी अमेरिकेत क्लेम्सन विद्यापीठात झाली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात हिंड-थ्री हाच कोयता होता, पण तो अर्धवट चालवलेला. मुळात डीएनए नळीत काढलाच नाही, कारण काढताना तो तुटला असता. पेशींची केंद्रकेच अगारोजच्या वडीत गोठवली आणि विकर त्या वडीत मुरू दिले. विकर इतके थोडे की समोर आलेल्या बहुतेक खुणा न कापताच राहाव्यात. तुकडे मिळाले सरासरी एक लाख तीस हजार अक्षरांचे. हिशेब केला तर अशा तुकड्यात हिंड-थ्रीच्या तीस-बत्तीस जागा येतात, म्हणजे सरासरी तितक्यांतून एकच कापली गेली. कोणती कापली जाईल हे नशिबावर, त्यामुळे प्रत्येक धागा वेगळ्या जागी तुटला आणि टोके एकमेकांवर चढली. हट्टी कोयत्यालाच वादळासारखे वागायला लावण्याची ही युक्ती आम्हाला या साऱ्या कथेत सर्वांत आवडली.

असे १,०३,२९६ तुकडे जीवाणूंच्या पोटात साठवले गेले. सगळे मिळून उसाच्या आराखड्याच्या सव्वापटीहून अधिक भरतात. फ्रान्समधील मोंपेलिए येथील संशोधकांनी इतरांच्या साहाय्याने या तुकड्यांच्या आधारे २०१८ साली आर ५७०चा पहिला, एकपदरी नकाशा प्रसिद्ध केला. आणि मार्च २०२४मध्ये अनेक देशांच्या चमूने त्याचा जवळजवळ संपूर्ण आराखडा 'नेचर' या नियतकालिकात छापला. मधल्या काळात वाचणारी यंत्रे सुधारली होती, पंधरा-वीस हजार अक्षरांचा तुकडा ती एका दमात आणि बिनचूक वाचू लागली होती. पण त्या यंत्रांनाही तितक्याच मापाचे तुकडे हवेत, हे विसरू नये.

याचा आपल्या शेतकऱ्याला उपयोग काय? आर ५७०वर तांबेरा सहसा पडत नाही, हे शेतातले लोक जाणतात. त्यामागे ब्रू-वन नावाचा एक गुण आहे, हे १९९६ सालीच कळले होते. पण धाग्यावर तो नेमका कोठे, हे अठ्ठावीस वर्षे सापडेना, कारण त्या जागी आर ५७०मध्ये एक जादा तुकडा घुसलेला आहे आणि जवळच्या पिकांच्या नकाशावरून त्याचा ठाव लागत नव्हता. २०२४च्या आराखड्यात शेजारी-शेजारी बसलेली दोन जनुके हाती लागली, आणि तीच तांबेरा रोखतात असा दाट संशय आहे. उसाचे नवे वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षे सहज जातात. कोवळ्या रोपाच्या पानावरूनच गुण आहे की नाही हे कळले, तर त्यांतली काही वर्षे वाचतील. ज्यांनी गेल्या काही वर्षांत मजूर नाही, भाव नाही म्हणून ऊस सोडला, ते यामुळे परत येतील असे आम्ही म्हणत नाही.

आता भाचीची कथा. आमच्या घराच्या मागे एक जुने उसाचे बेट होते. जाड, तांबूस, खायला मऊ. तुळशीच्या लग्नाला मांडवाचे ऊस त्यातूनच काढायचे, असा तीन पिढ्यांचा रिवाज. त्याचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. आजोबा म्हणत, हा गिरणीचा ऊस नव्हे, हा घरचा. मागच्या बाजूला भिंत घालायची म्हणून ते बेट उपटायचे ठरले होते. भाचीने त्याआधी दोन दिवस एक फुटवा अंधारात झाकून ठेवला, आतली कोवळी पाने काढली आणि रीतसर परवानगीने बर्फात घालून नेली. हा ऊस संकरापूर्वीच्या जुन्या घराण्यातला असेल काय, हे तिला लांब तुकड्यांतून पाहायचे होते.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. आवाज पडलेला. रुंद तोंडाच्या नळीने, हळूहळू उलटसुलट करून मिसळायचे ते द्रावण एका घाईच्या दुपारी शेजारच्या टेबलावरच्या कोणी तरी मदत म्हणून फिरत्या यंत्रावर धरले. अर्धा मिनिट. लादीवर पळवून पाहिले तर वर एक जाड पट्टा दिसायला हवा, तिथे खालपर्यंत नुसता धूर पसरलेला. "मामा, बारीक तुकड्यांचे काम यातून होईल," ती म्हणाली, "पण लांब वाचायचे ते गेले. पाने पुन्हा पाठवाल का?"

बेट तर केव्हाच उपटले होते. भिंतही उभी राहिली होती. आम्ही तिला तसे सांगू शकलो नाही, पाहतो म्हणालो. मग तुळशीच्या लग्नाच्या निमित्ताने चार घरी चौकशी केली. कोणी म्हणाले, तुमच्याकडचा ऊस आम्ही नेत होतो, पण खाऊन टाकला. शेवटी पलीकडच्या वाडीतल्या काकींनी आठवून सांगितले की एका वर्षी मांडवाचे ऊस उरले होते, त्यातली दोन डोळ्यांची एक कांडी त्यांनी स्वयंपाकघराच्या मागे, सांडपाण्याच्या वाटेवर पुरली होती. आम्ही जाऊन पाहिले. पाच ताट उभी होती, जाड, तांबूस. काकींनी कोयता आणून हातात दिला आणि विचारले, "किती हवेत?" आम्ही म्हटले, ऊस नको काकी, एक फुटवा तेवढा दोन दिवस गोणपाटाने झाकून ठेवा.